फोन, पीसी की प्लेस्टेशन? आधी आपली पोरं कुठं खेळतात ते बघा

पहिला पगार झाला, दिवाळीचा बोनस मिळाला किंवा बारावीचा निकाल घरच्यांच्या मनासारखा लागला की प्रश्न येतोच. "का बे, साठ-सत्तर हजारात पीएस५ घेऊ का पीसी बनवू? का सरळ भारीतला फोनच घेऊ?" विचारणारा रॅम, हर्ट्झ आणि ग्राफिक्स कार्डाचे आकडे तोंडपाठ करून आलेला असतो. माझं म्हणणं, यंत्र सगळ्यात शेवटी ठरवा. आधी ठरवा कोणता गेम खेळणार आणि कोणासोबत. गेम सगळ्या यंत्रांवर चालतो याचा अर्थ सगळी पोरं एका लॉबीत (मॅचआधी जमायच्या ऑनलाइन खोलीत) येतात असा नाही, आणि पैसे वाया जातात ते इथंच.

आपल्याकडं सोलापुरात गेमिंग म्हणजे बहुतेकांसाठी फोन, आणि फोन म्हणजे बीजीएमआय (पबजी मोबाइलची भारतातली आवृत्ती) नाहीतर फ्री फायर मॅक्स. रात्री जेवणं झाली की स्क्वॉड, म्हणजे सोबत खेळणारी टोळी, जमतो. एक जण जुळे सोलापुरातून, एक अशोक चौकातून, माईकवर मराठी, तेलुगू, कन्नड, हिंदी सगळं एकदम. पडल्यावर शिवी कोणत्या भाषेत येईल याचा नेम नाही. अशा स्क्वॉडमधल्या एकानं हौसेनं पीसी घेतला की त्याला कळतं, बीजीएमआय पीसीवर नाहीच. अँड्रॉइड आणि आयफोनवाले एकत्र खेळतात, विषय तिथं संपला. पीसीवर 'पबजी: बॅटलग्राउंड्स' आहे, जानेवारी २०२२ पासून फुकटही आहे, पण तो वेगळा गेम. मॅप ओळखीचे वाटतील. फोनवरचा आयडी, स्किन (बंदुकी-कपड्यांचं रंगरूप) आणि मित्र मात्र तिकडं येत नाहीत. एम्युलेटर (पीसीवर फोनचे अ‍ॅप चालवणारं सॉफ्टवेअर) टाकून बीजीएमआय खेळू म्हणाल तर त्याला परवानगी नाही. आयडी बॅन झाला की वर्षानुवर्षांचं सगळं गेलं.

बीजीएमआयमध्ये पैसे घालावेत का, हा प्रश्न यातच येतो. सप्टेंबर २०२० मध्ये पबजी मोबाइलवर बंदी आली, जुलै २०२१ मध्ये बीजीएमआय आला, जुलै २०२२ मध्ये तोही स्टोअरवरून गायब झाला आणि मे २०२३ मध्ये परत आला. फ्री फायरवर फेब्रुवारी २०२२ मध्ये बंदी आली, फ्री फायर मॅक्स तेवढा राहिला. एवढं बघितल्यावर बंदुकीच्या रंगासाठी हजारो रुपये घालायचा सल्ला मी कुणाला देणार नाही. खेळा, जरूर खेळा, पण यूसी (बीजीएमआयमधलं विकतचं चलन) घेण्याआधी एक रात्र जाऊ द्या.

दुसरा गोंधळ जीटीए ५ चा. हा गेम २०१३ मध्ये पीएस३ आणि एक्सबॉक्स ३६० वर आला, २०१४ मध्ये पीएस४ आणि एक्सबॉक्स वनवर, एप्रिल २०१५ मध्ये पीसीवर, २०२२ मध्ये पीएस५ आणि एक्सबॉक्स सिरीजवर. इतक्या ठिकाणी आहे म्हटल्यावर सगळे एकत्र खेळत असतील असं कुणालाही वाटेल. तसं नाही. पीसीवाला प्लेस्टेशनवाल्याला ऑनलाइनमध्ये भेटत नाही. इतकंच काय, पीएस४ वाला पीएस५ वाल्यालासुद्धा भेटत नाही. मित्राकडं जुना पीएस४ आहे आणि तुम्ही त्याच्यासोबत जीटीए ऑनलाइन खेळायला नवा पीएस५ घेतलात, तर पीएस५ वर गेमची पीएस४ आवृत्तीच चालवावी लागते. मग नव्या यंत्राचा उपयोग काय?

याउलट रॉकेट लीग (गाड्यांनी खेळायचा फुटबॉल) आणि फोर्टनाइट (नेमबाजीचा गेम). दोन्ही फुकट, दोन्हींत पीसी, प्लेस्टेशन, एक्सबॉक्सवाले एकमेकांत खेळतात, आणि एपिक या कंपनीचा अकाउंट जोडला की तुमच्या गाड्या, स्किन, लेव्हल सगळीकडं तीच दिसते. ही सोय पहिल्यापासून नव्हती. प्लेस्टेशन बनवणाऱ्या सोनीनं बराच काळ दार लावून धरलं होतं, सप्टेंबर २०१८ मध्ये फोर्टनाइटपासून ते उघडलं. आपल्याकडं रॉकेट लीग खेळणारे कमी का, हे मला कोडंच आहे. साध्या पीसीवर चालतो, एक मॅच पाच मिनिटांची, आणि घरातलं कुणी मागं उभं राहिलं तरी रक्त-बंदुका दिसत नाहीत.

माइनक्राफ्टमध्ये एक बारीक गाठ आहे. त्याच्या दोन आवृत्त्या: जावा आणि बेडरॉक. जावा फक्त कॉम्प्युटरवर. बेडरॉक फोनवर, विंडोजवर आणि कन्सोलवर (प्लेस्टेशन, एक्सबॉक्ससारख्या टीव्हीला जोडायच्या यंत्रांवर). तुमच्या पीसीवरच्या जगात धाकट्या भावाला फोनवरून यायचं असेल तर दोघांकडं बेडरॉक हवं. हल्ली पीसीवर घेताना दोन्ही एकत्रच मिळतात, तेव्हा फार घाबरायचं कारण नाही. उघडताना योग्य ते उघडा म्हणजे झालं.

फुटबॉलवाल्यांसाठी: ईएचा एफसी पीएस५, एक्सबॉक्स सिरीज आणि पीसी यांच्यात एकत्र खेळता येतो, आणि पीएस४ व एक्सबॉक्स वन यांची वेगळी पंगत बसते. म्हणजे इथं कंपनीपेक्षा पिढी महत्त्वाची. व्हॅलोरंट हा नेमबाजीचा गेम २०२४ मध्ये कन्सोलवर आला, तुमचे स्किनही तिकडं दिसतात, पण माउसवाले आणि कंट्रोलरवाले एका मॅचमध्ये येत नाहीत. ते बरंच आहे. कंट्रोलर घेऊन माउसवाल्यासमोर उभं राहणं म्हणजे हकनाक मरणं. ज्या नेमबाजीच्या गेममध्ये सगळे एकत्र सोडतात, तिथं कन्सोलच्या सेटिंगमध्ये क्रॉसप्ले (वेगवेगळ्या यंत्रांवरून एकत्र खेळणं) बंद करता येतो का ते आधी बघा.

एकत्र खेळता येणं, सेव्ह (साठवलेली प्रगती) सोबत येणं आणि एकदा विकत घेऊन दोन्हीकडं चालणं, या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. गेनशिन इम्पॅक्टमध्ये पहिल्या दोन्ही आहेत. गेम फुकट असल्यानं तिसरीचा प्रश्नच नाही. सायबरपंक २०७७ मध्ये पीसीवरचा सेव्ह कन्सोलवर नेता येतो, पण गेम दोनदा विकत घ्यावा लागतो. एकट्यानं खेळायचा गेम असल्यानं पहिलीचा संबंध नाही. दुकानदार "सगळं सिंक होतं" म्हणाला तर यातलं नेमकं कोणतं, ते विचारा.

आता यंत्रांकडं येऊ. फोनबद्दल थोडक्यात. नवी पेठेत फोन बघायला गेलात की पहिला आकडा फ्रेमचा, म्हणजे सेकंदाला किती चित्रं दिसतात त्याचा, सांगतात. नव्वद, एकशेवीस. तो आकडा एसीच्या दुकानात खरा असतो. एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा चाळिशीच्या पुढं गेला की तिसऱ्या मॅचपर्यंत फोन तापतो, ब्राइटनेस आपोआप उतरतो, फ्रेम पडतात, आणि चार्जिंग लावून खेळत असाल तर आणखी लवकर. म्हणून फोनवरच राहायचं ठरलं असेल तर पन्नास हजारांचा घेण्याऐवजी मधल्या किमतीतला, थंड राहणारा घ्या आणि मागून लावायचा छोटा कूलिंग फॅन घ्या.

गेमिंग लॅपटॉपला माझा विरोध आहे. शिकायला पुण्याला चालला असाल, होस्टेलवर राहणार असाल तर ठीक. तिथं दुसरा इलाज नाही. घरीच बसणार असाल तर नको. पूर्व भागात किंवा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीकडं, यंत्रमागाच्या शेजारी घर असेल तर अजिबात नको. हवेत सुताचे बारीक तंतू असतात, ते लॅपटॉपच्या खालच्या जाळीतून आत ओढले जातात. असा लॅपटॉप दुरुस्तीच्या टेबलावर उघडलेला बघा. पंखा फिरत असतो, पण पंखा आणि तांब्याच्या पातळ पट्ट्या यांच्यामध्ये राखाडी नमद्यासारखा अखंड थर बसलेला असतो. चिमट्यानं ओढला की एका तुकड्यात निघतो. त्या थराच्या मागं प्रोसेसर नव्वद अंशांना पोचलेला असतो आणि मालक म्हणत असतो, "गेम अपडेट झाल्यापासून लॅग मारतोय."

डेस्कटॉपलाही धूळ बसतेच, पण बाजूचं झाकण काढून ब्लोअर मारायला पाच मिनिटं लागतात आणि कुणाला पैसे द्यावे लागत नाहीत. मॉनिटर धरून साठ-सत्तर हजारांत आजचे बहुतेक गेम १०८० पिक्सेलवर नीट चालवणारा पीसी बसतो. त्यावर अभ्यास होतो, दुकानाचं जीएसटीचं काम होतं, त्यामुळं घरी मागणं सोपं जातं. खेळांचा खर्चही कमी. एपिकच्या स्टोअरवर दर गुरुवारी रात्री एखादा गेम फुकट मिळतो. मे २०२० मध्ये तर चक्क जीटीए ५ दिला होता. स्टीम या पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानात किमती रुपयांत आहेत, उन्हाळी आणि हिवाळी सेलमध्ये जुने मोठे गेम पाव किमतीला येतात, आणि घेतलेला गेम चौदा दिवसांत, दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर परत करता येतो. काउंटर-स्ट्राइक २ आणि व्हॅलोरंट दोन्ही फुकट, दोन्हींचे सर्व्हर मुंबईत. यूपीएसचे पैसे मात्र बजेटमध्ये धरा. रँक मॅचमध्ये लाईट गेली की हरल्याची नोंद तुमच्या नावावर आणि शिव्या चार भाषांत.

कन्सोलची मजा वेगळी. टीव्हीला लावला, कंट्रोलर घेतला, खेळायला बसलात. ड्रायव्हर नाही, सेटिंग नाही, अँटीचीटची (चोरट्या खेळाडूंना पकडणाऱ्या सॉफ्टवेअरची) कटकट नाही. पीएस५ स्लिम एप्रिल २०२४ मध्ये भारतात आला तेव्हा डिस्कवाल्याची किंमत ५४,९९० रुपये आणि बिनडिस्कवाल्याची ४४,९९० होती. पैसे वाचतात म्हणून बिनडिस्कवाला घेऊ नका. नवे मोठे गेम ४,९९९ च्या घरात असतात. डिस्क असेल तर जुनी घेता येते, खेळून झाल्यावर विकता येते, मित्राशी अदलाबदल करता येते, आणि पीएस४ च्या डिस्कही चालतात. वेगळा डिस्क ड्राइव्ह घेऊन जोडला नाही तर बिनडिस्कवाल्याला सोनीच्या स्टोअरशिवाय दार नाही, आणि तिथं डाउनलोड सुरू केलंत की नियमाप्रमाणे परताव्याचा हक्क गेला. विकतचे गेम ऑनलाइन खेळायला पीएस प्लसची वर्गणी वेगळी. फोर्टनाइटसारख्या फुकट गेमना ती लागत नाही. घरात दोघं-तिघं भावंडं असतील आणि एका सोफ्यावर बसून एफसी खेळायचं असेल तर कन्सोलला तोड नाही. त्यासाठी जुना चांगल्या स्थितीतला पीएस४ घेतला तरी चालतो. फक्त घेताना कंट्रोलरची डावी काडी सोडून द्या आणि स्क्रीनवरचा खेळाडू आपोआप एका बाजूला सरकतो का ते बघा. सरकत असेल तर नव्या कंट्रोलरचे पैसे किमतीतून कापून मागा.

नेट आधी तपासा, नंतर यंत्र. मोठे गेम हल्ली शंभर जीबीच्या वर जातात. फोनच्या रोजच्या दोन जीबी डेटावर असा एक गेम उतरवायला पन्नास दिवस लागतील, तोवर त्याचं पुढचं अपडेट येईल. चाळीस एमबीपीएसच्या फायबरवर तोच गेम साडेपाच-सहा तासांत उतरतो. फायबर असेल तर राउटरपासून यंत्रापर्यंत लॅनची वायर ओढा. मधल्या दोन भिंती वायफायचं पिंग (सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारा वेळ) जेवढं उड्या मारायला लावतात, तेवढं सोलापूर-मुंबई अंतर लावत नाही.

ज्यांची सगळी घालमेल जीटीए ६ साठी आहे, त्यांच्यासाठी उत्तर सोपं आहे. जीटीए बनवणाऱ्या रॉकस्टारनं १९ नोव्हेंबर २०२६ ही तारीख जाहीर केली ती पीएस५ आणि एक्सबॉक्स सिरीजसाठी. त्या घोषणेत पीसीचं नाव नाही. मागचा जीटीए पीसीवर यायला दीड वर्षापेक्षा जास्त लागलं होतं, रेड डेड रिडेम्प्शन २ ला एक वर्ष. तेवढा धीर असेल तर आजच पीसी बनवा आणि तोवर स्टीमच्या सेलमधले गेम संपवा. नसेल तर डिस्कवाला पीएस५ घ्या, पण आधी स्क्वॉडच्या ग्रुपवर विचारा, बाकीचे कशावर घेणार आहेत.