वार्षिकीचे अकरा महिने: रक्कम वेळेवर, पण दर न्याय्य आहे का?

निवृत्तीनंतर हाती आलेल्या रकमेतून मी तहहयात वार्षिकी (विमा कंपनीला एकरकमी पैसे देऊन हयातभर ठरावीक रक्कम मिळवण्याचा करार) घेतली, त्याला आता अकरा महिने झाले. पैसे दरमहा ठरल्या तारखेला जमा होतात आणि हयातीच्या दाखल्याचे कामही एका दिवसात उरकले, त्यामुळे सेवेविषयी तक्रार नाही. तक्रार आहे ती दराविषयी.

माझ्या जुळ्या भावाने त्याच आठवड्यात, त्याच कंपनीकडून, तेवढ्याच रकमेची वार्षिकी घेतली. दोन्ही करारपत्रे शेजारी ठेवली, तेव्हा दिसले की शंभरामागे त्याला वर्षाला ७.१ मिळतात आणि मला ६.७. स्त्रिया सरासरीने अधिक जगतात, म्हणून तेच पैसे अधिक वर्षे पुरवावे लागतात, हा हिशेब मला कळतो. इंग्रज खगोलशास्त्रज्ञ एडमंड हॅली याने १६९३ मध्ये ब्रेस्लाउ (आजचे पोलंडमधील व्रोत्सवाफ) शहरातील मृत्यूंच्या नोंदींवरून वार्षिकीच्या किमती काढल्या, त्यामागचे गणितही याच जातीचे. पण सरासरी म्हणजे मी नव्हे. युरोपीय संघात २१ डिसेंबर २०१२ पासूनच्या नव्या विमा करारांत स्त्री-पुरुष भेदावरून वेगळा दर लावता येत नाही, तो याच कारणाने.

माझ्यापेक्षाही भावाचे प्रकरण मला अधिक खटकते. तो तीस वर्षे सिगारेट ओढतो आणि त्याला मधुमेह आहे. पूर्वी आयुर्विमा घेताना याच कारणांसाठी त्याचा हप्ता वाढवला गेला होता; वार्षिकीच्या अर्जात मात्र प्रकृतीबद्दल एकही प्रश्न नव्हता. आयुष्य कमी असण्याची शक्यता त्याच्याकडून पैसे घेताना मोजली गेली, त्याला पैसे देताना नाही. शिवाय आपण खूप जगू असा भरवसा असलेलेच लोक प्रामुख्याने वार्षिकी घेतात, म्हणून विमा गणिती, म्हणजे विम्याचे दर काढणारे तज्ज्ञ, सर्वसाधारण लोकसंख्येचा नव्हे, तर वार्षिकीधारकांचा कमी मृत्युदराचा तक्ता (कोणत्या वयात किती जण मरण पावतात, हे दाखवणारा) वापरतात. म्हणजे भावाचा दर ठरला तो ठणठणीत माणसांच्या आयुर्मानावर. ब्रिटनमध्ये आजारी किंवा धूम्रपान करणाऱ्या अर्जदारांना जास्त रक्कम देणारी वार्षिकी मिळते, तेव्हा हे अशक्य आहे असेही म्हणता येत नाही.

कोणता मृत्युदर तक्ता आणि किती व्याजदर धरला, असे मी कंपनीला लेखी विचारले. सात आठवड्यांनी उत्तर आले की ही अंतर्गत बाब आहे. तोवर करार रद्द करण्याची मुदत केव्हाच उलटून गेली होती.