नोटमधली नोट: तिथेच बदलायची, की मूळ नोट उघडून?

अक्कलकोट रोडवरच्या आमच्या टॉवेलच्या कारखान्यात प्रत्येक ऑर्डरची एक नोट असते: सूत, जीएसएम (दर चौरस मीटरला किती ग्रॅम), नग, शेड. रंगाची रेसिपी मात्र एकाच नोटमध्ये, आणि तीच सगळ्या ऑर्डरींत एम्बेड केलेली, म्हणजे कॉपी न करता मूळ नोटच तिथे दिसते. असं काम असेल तर नोट्सचं ॲप निवडताना आधी एवढंच बघा: एम्बेड केलेला मजकूर तिथल्या तिथे बदलतो का?

नोशन ॲपच्या सिंक्ड ब्लॉकमध्ये, म्हणजे अनेक पानांवर एकच राहणाऱ्या मजकुरात, बदलतो. कुठल्याही पानावर खोडा, सगळीकडे खोडलं जातं. पण ब्लॉकवर गेलं की भोवती लाल चौकट उमटते. हा मजकूर इतर पानांवरही आहे हे त्यावरून कळतं, म्हणून मला ती फार मोलाची वाटते. एका पानापुरतं वेगळं हवं असेल तर सिंक तोडता येतं. लॉगसेकमध्ये एम्बेड केलेली ओळही जागच्या जागी बदलते. रोजच्या कामांच्या यादीला ते फार सोयीचं.

ऑब्सिडियनमध्ये एम्बेड फक्त वाचायला. कोपऱ्यातल्या लिंकच्या खुणेवर दाबायचं, मूळ नोट उघडायची, तिथे बदल करायचा. सुरुवातीला वैताग येतो. इतरांनी केलेली प्लगिन (ॲपला जोडायचे छोटे प्रोग्राम) टाकून ही अडचण सोडवता येते. मी टाकलेली नाहीत, आणि त्याला कारण आहे.

आधी आम्ही जागेवरच बदलणारं ॲप वापरायचो. एकदा डाईंगमधून निरोप आला, “दादा, ह्या लॉटला मीठ वाढवलंय.” मी त्या ऑर्डरच्या नोटमध्येच आकडा बदलला. तो बदल रेसिपीतच झाला. पुढच्या आठवड्यात दुसऱ्या पार्टीचा नेव्ही ब्लू निघाला. टॉवेल शेड कार्डाशेजारी धरला तर सरळ एक घर गडद. मीठ वाढलं की सुती धागा रंग जास्त ओढतो, हे आम्हाला पाठ होतं. आकडा बदललाय हेच कुणाला ठाऊक नव्हतं. सगळा लॉट बाजूला काढावा लागला.

म्हणून रेसिपी, दर, पार्टीचा जीएसटी नंबर यांच्यासाठी मी ऑब्सिडियनच सांगेन. मूळ नोट उघडावी लागते, तेवढ्यात हात थांबतो. पॅकिंग कुठवर आलं, गाडी कधी भरायची, असं चार जण मिळून बदलत असतील तर नोशन घ्या.

आणि ॲप कुठलंही असो, माल रवाना झाला की त्या ऑर्डरमधलं एम्बेड काढून रेसिपी तिथे कॉपी करून ठेवा. एम्बेड कायम आजचीच रेसिपी दाखवतं. रिपीट ऑर्डर आली की लागते ती त्या दिवशीची.