एचएमएस बेल्फास्ट : रंग १९४३चा, अंग १९५९चे

लंडनमध्ये थेम्स नदीच्या दक्षिण तीरालगत, लंडन ब्रिज आणि टॉवर ब्रिज यांच्या दरम्यान, 'एचएमएस बेल्फास्ट' ही ब्रिटिश नौदलाची क्रूझर (मध्यम आकाराची वेगवान युद्धनौका) कायमची उभी असून इम्पीरियल वॉर म्युझियमची एक शाखा म्हणून ती तिकीट काढून पाहता येते. बहुतेक प्रेक्षक येथे युद्ध पाहण्यासाठी येतात. त्यांची निराशा होत नाही, कारण १९४३च्या डिसेंबरात नॉर्वेच्या उत्तरेकडील नॉर्थ केपच्या लढाईत 'शार्नहॉर्स्ट' या जर्मन युद्धनौकेला गाठणाऱ्या जहाजांत बेल्फास्ट होती आणि नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर ६ जून १९४४ रोजी तिच्या तोफा धडाडल्या होत्या. माझे मत मात्र असे की, युद्ध संपल्यावर कर्जबाजारी झालेल्या एका देशाने आपल्या नौदलाचे काय केले हे समजून घेण्यासाठी या जहाजाइतकी चांगली जागा क्वचितच सापडेल, आणि त्या दृष्टीने पाहिले तरच तिकिटाचे पैसे खऱ्या अर्थाने वसूल होतात.

याची सुरुवात काठावरूनच होते. जहाजाच्या अंगावर निळ्या-करड्या छटांचे जे तुटक पट्टे दिसतात ती १९४२ ते १९४४ या काळातील फसवी रंगसंगती आहे. पण ज्या अंगावर ती चढवली आहे ते अंग त्या काळातले नाही. चहूबाजूंनी बंद असलेला उंच, पंचकोनी ब्रिज (जहाज चालवण्याचा कक्ष) आणि लोखंडी जाळीचे दोन डोलखांब १९५६ ते १९५९ या काळात डेव्हनपोर्टच्या गोदीत झालेल्या नूतनीकरणात आले. युद्धात येथे उघडा ब्रिज आणि तीन पायांचे साधे डोलखांब होते. नॉर्थ केपला लढलेल्या खलाशाला आजचे जहाज रंगावरून ओळखू येईल, आकारावरून तो बुचकळ्यात पडेल. त्यातही एक गंमत अशी की, शीतयुद्धातील रडार वाहण्यासाठी उभारलेले ते जाळीचे खांब गंजल्यावर २०१०मध्ये नवे बसवले गेले, आणि ते सेंट पीटर्सबर्गच्या गोदीत तयार होऊन रशियाची भेट म्हणून आले. आर्क्टिक महासागरातून सोव्हिएत बंदरांकडे जाणाऱ्या ताफ्यांना बेल्फास्टने दिलेल्या संरक्षणाची ती परतफेड होती.

मुख्य तोफांपाशी गेल्यावर आणखी मागचे राजकारण भेटते, ते पहिल्या महायुद्धानंतरचे. चार टरेट (फिरते तोफ-मनोरे), प्रत्येकात तीन, अशा सहा इंची (म्हणजे नळीचा व्यास तेवढा) बारा तोफा येथे आहेत. सहाच इंची का, याचे उत्तर १९३०च्या लंडन नौदल करारात आहे. आठ इंची तोफांच्या क्रूझरांची संख्या त्या कराराने गोठवली आणि हलक्या क्रूझरांच्या तोफांना ६.१ इंचांची मर्यादा घातली. जपानने त्या चौकटीत राहूनच पंधरा तोफांची 'मोगामी' बांधायला घेतली, तेव्हा ब्रिटनला उत्तर देणे भाग पडले. बेल्फास्टच्या आराखड्यात प्रथम सोळा तोफा होत्या, परंतु चार नळ्यांचे टरेट जमेना म्हणून बारांवर समाधान मानून वाचलेले वजन चिलखताकडे वळवण्यात आले. पुढच्या टरेटच्या तोफा आज एम-वन महामार्गावरील लंडन गेटवे या विश्रांतिस्थळावर रोखलेल्या आहेत. पल्ल्याची कल्पना देण्यासाठी हे ठीक आहे. मुले तेवढेच लक्षात ठेवून घरी जातात.

नूतनीकरणाची गोष्ट मात्र सावकाश समजून घेण्यासारखी आहे. ब्रिटनने १९४६मध्ये अमेरिकेकडून ३७५ कोटी डॉलरचे कर्ज घेतले होते आणि १९४९मध्ये पौंडाचा भाव ४.०३ डॉलरवरून २.८० डॉलरवर आणावा लागला होता. कोरियन युद्ध सुरू झाल्यावर पंतप्रधान ॲटली यांच्या सरकारने तीन वर्षांसाठी ४७० कोटी पौंडांचा शस्त्रसज्जतेचा कार्यक्रम जाहीर केला, आणि त्याची तोंडमिळवणी करताना नव्या राष्ट्रीय आरोग्यसेवेतील कवळ्या व चष्म्यांवर आकार लावण्याची वेळ आली. ती आरोग्यसेवा उभारणाऱ्या अन्युरिन बेव्हन यांनी १९५१च्या एप्रिलमध्ये मंत्रिपद सोडले ते या वादात. (जहाजावर दंतवैद्याची एक छोटी खोली जशीच्या तशी ठेवली आहे, तेथे हा प्रसंग आठवल्याशिवाय राहत नाही.) त्याच काळात बेल्फास्ट कोरियाच्या किनाऱ्यावर होती आणि तिने आठ हजारांहून अधिक सहा इंची गोळे डागले.

तेथून परतलेल्या जहाजाचे काय करायचे, हा प्रश्न आधी तिजोरीचा होता आणि मग नौदलाचा. नवी क्रूझर परवडणारी नव्हती. युद्धकाळात बांधायला घेतलेल्या 'टायगर' वर्गाच्या तीन क्रूझरांचे काम १९४६मध्ये थांबवून सांगाडे तसेच ठेवले होते, ते १९५४मध्ये पुन्हा हाती घेतले गेले आणि तिसरी क्रूझर १९६१मध्ये तयार झाली. मधल्या काळासाठी जुन्या जहाजांची डागडुजी करणे हाच मार्ग होता. बेल्फास्टवर सुमारे ५५ लाख पौंड खर्च झाले. त्यात अण्वस्त्र, जैविक व रासायनिक हल्ल्यापासून बचाव व्हावा म्हणून महत्त्वाचे विभाग बंदिस्त करता येतील अशी सोय झाली, लहान तोफांना नवी नेमयंत्रणा मिळाली, खलाशांच्या झोळ्यांच्या जागी बंक आले आणि बहुतेक डेकवरचे लाकूड जाऊन पोलाद आले. मुख्य तोफा मात्र जुन्याच राहिल्या, आणि बॉयलर व टर्बाइनही १९३९चेच. 'स्विफ्टशुअर' या दुसऱ्या क्रूझरचे असेच काम तर अर्ध्यावर सोडून देण्यात आले.

ही विसंगती खालच्या मजल्यांवर अक्षरशः पायाखाली येते. वरच्या ऑपरेशन्स रूममध्ये साठच्या दशकाच्या आरंभीचे रडार-पडदे आणि नोंदफलक आहेत. तेथून उभ्या शिड्या उतरून बॉयलर रूममध्ये गेले की झडपा, वाफेच्या नळ्या आणि दाबमापकांच्या दाटीत युद्धापूर्वीची यंत्रशाळा भेटते. संपूर्ण जहाजावर पाहण्याजोगा सर्वोत्तम भाग कोणता असे विचारले, तर मी बेधडक याच भागाचे नाव घेईन. इतक्या यंत्रांना माणसेही तितकीच लागत. साडेसातशे ते साडेनऊशे माणसे येथे राहत होती, आणि संरक्षणमंत्री डंकन सँडिस यांच्या १९५७च्या संरक्षण श्वेतपत्रिकेने सक्तीची लष्करी सेवा संपवण्याचे ठरवल्यावर एवढी माणसे आणायची कोठून हा पेच उभा राहिला. त्याच श्वेतपत्रिकेने सर्वंकष युद्धात नौदलाचे काम नेमके काय, याविषयीही शंका व्यक्त केली होती. मेस डेकवरील, म्हणजे खलाशांच्या राहण्या-जेवण्याच्या मजल्यावरील, बंकांची दाटी पाहताना हे ध्यानात ठेवावे. जहाज शत्रूने निकामी केले नाही, ते चालवणे न परवडण्याजोगे झाले.

अखेरच्या वर्षांत बेल्फास्ट सिंगापूरला होती. डिसेंबर १९६१मध्ये टांगानिकाच्या (आजच्या टांझानियाचा मुख्य भाग) स्वातंत्र्यसोहळ्यासाठी ती दारेसलामला हजर राहिली, म्हणजे साम्राज्य राखण्यासाठी बांधलेल्या क्रूझरला ते आवरते घेण्याचे काम लागले. १९६३मध्ये ती सेवेतून बाहेर पडली. नौदलाची शेवटची बॅटलशिप 'व्हॅनगार्ड' १९६०मध्येच भंगारात गेली होती. काही जहाजे विकलीही गेली: 'नायजेरिया' ही क्रूझर 'आयएनएस म्हैसूर' झाली, आणि १९४६ साली काम थांबलेली 'हर्क्युलिस' ही विमानवाहू नौका भारताने विकत घेतल्यावर बेल्फास्ट शहरातील हारलँड अँड वुल्फच्या गोदीत पूर्ण होऊन १९६१मध्ये 'आयएनएस विक्रांत' म्हणून दाखल झाली. एचएमएस बेल्फास्टही त्याच गोदीत जन्मलेली आहे.

जहाज वाचले तेही काटकसरीशी झगडूनच. म्युझियमला आधी 'गँबिया' या क्रूझरचा केवळ एक टरेट हवा होता. त्या पाहणीतून अख्खे जहाज जतन करण्याची कल्पना निघाली आणि निवड बेल्फास्टवर आली. सरकारने १९७१मध्ये नकार दिला, तेव्हा जहाजाचे माजी कप्तान आणि खासदार रिअर ॲडमिरल मॉर्गन मॉर्गन-जाइल्स यांच्या नेतृत्वाखाली विश्वस्त संस्था स्थापन झाली आणि त्याच वर्षी २१ ऑक्टोबरला, ट्रफाल्गर दिनी (१८०५च्या नौदल विजयाच्या स्मृतिदिनी), ते लोकांसाठी खुले झाले. १९७८पासून ते म्युझियमकडे आहे.

पाहायला जाणाऱ्यांसाठी काही सूचना. नऊ मजले आहेत आणि शिड्या खरोखरच उभ्या आहेत. गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांनी व चाकाच्या खुर्चीवरून येणाऱ्यांनी खालचे यंत्रविभाग पाहता येणार नाहीत हे गृहीत धरावे. मोठ्या बॅगा आणू नयेत. किमान तीन तास हाताशी ठेवावेत आणि गर्दी टरेटकडे वळण्याआधी, सकाळीच, बॉयलर रूम गाठावी. युद्धाच्या कथांना येथे मोठी जागा आहे, ते साहजिकही आहे. परंतु १९४५नंतरचा अर्थकारणाचा धागा प्रेक्षकाला बराचसा स्वतःच जुळवावा लागतो, म्हणून सँडिस श्वेतपत्रिकेविषयी थोडे वाचून गेल्यास फायदा होईल. केवळ तोफांची हौस असणाऱ्याला मी पाचपैकी चार गुण सुचवीन. आधुनिक ब्रिटनच्या इतिहासात रस असणाऱ्याने पाच धरून चालावे.