ब्रेन ट्यूमरवर बायोइन्फर्मेटिक्स पीएचडी: संगणकीय गटात की हॉस्पिटलच्या लॅबमध्ये?

बायोइन्फर्मेटिक्समध्ये पीएचडी करायची आणि विषय ब्रेन ट्यूमर, एवढं ज्यांचं ठरलं आहे त्यांच्यापुढे पुढचा प्रश्न येतो तो बसायचं कुठे हा. एक वाट संगणकीय गटाची: सगळेच कोड लिहिणारे, गाईड स्वतः पद्धती विकसित करणारे, डेटा बहुतांशी सार्वजनिक. दुसरी वाट हॉस्पिटलला जोडलेल्या ट्यूमर लॅबची: बाकी सगळे पिपेट धरणारे आणि कोड लिहिणारे तुम्ही एकटे, फार तर दोघं. मी आधी संगणकीय गटात प्रोजेक्टवर काम केलं आणि पीएचडीसाठी मात्र दुसरी वाट धरली. त्यामुळे खालचा आढावा अगदी तटस्थ आहे असं म्हणणार नाही, पण दोन्ही बाजू आतून पाहिलेल्या आहेत.

संगणकीय गटाचं मोठं बळ म्हणजे तुमचं काम समजणारी माणसं आजूबाजूला असतात. ट्रेनिंग आणि टेस्टच्या डेटात एकाच रुग्णाचे नमुने शिरले, तर ग्रुप मीटिंगमध्ये दुसऱ्या स्लाईडलाच कुणीतरी हात वर करतं. कोड दुसऱ्याच्या नजरेखालून जातो. मोठ्या गणनेच्या संगणकांवर (क्लस्टरवर) जागा मिळते, नमुन्यांची वाट पाहावी लागत नाही. आणि ग्लायोमात, म्हणजे मेंदूतल्या ग्लिया प्रकारच्या पेशींच्या ट्यूमरमध्ये, सार्वजनिक डेटाचा दुष्काळ नाही. टीसीजीएने (कॅन्सरच्या जीनोमचा अमेरिकेतला मोठा सार्वजनिक प्रकल्प) सर्वांत आधी जो कॅन्सर हाताळला तो ग्लिओब्लास्टोमाच, म्हणजे सर्वांत आक्रमक ग्लायोमा; पेपर २००८चा. सिंगल-सेलमध्येही, म्हणजे एकेका पेशीतली जनुकं वेगळी मोजण्याच्या तंत्रातही, हा ट्यूमर सुरुवातीपासून पुढे आहे: २०१४ साली पाच ट्यूमरमधल्या ४३० पेशी, आणि २०१९ साली चार पेशी-अवस्थांचं चित्र, जे आज प्रत्येक जण वापरतो. फक्त डाउनलोड केलेल्या डेटावर चांगला थिसिस उभा राहतो, यात शंका नाही. बॅच करेक्शन (वेगवेगळ्या वेळी मोजल्याने आलेले फरक काढणं), डीकन्व्होल्युशन (मिश्र नमुन्यातल्या पेशींचं प्रमाण काढणं), मेथिलेशनवरून (डीएनएवरच्या रासायनिक खुणांवरून) वर्गीकरण, अशा प्रश्नांवर तुमचा जीव असेल तर तुमचा निर्णय जवळजवळ झालेलाच आहे.

माझं तिथे एकाच गोष्टीपाशी अडलं. नमुन्याबद्दल विचारायला कुणी नसायचं.

बाहेरून ही बाब किरकोळ वाटते, म्हणून जरा सविस्तर सांगतो. मेटाडेटाच्या, म्हणजे नमुन्यांच्या माहितीच्या, तक्त्यात रकाने पुष्कळ असतात आणि त्यांत ‘नॉट रिपोर्टेड’ही पुष्कळ असतं. काही उणिवा भरून काढता येतात. २०२१च्या डब्ल्यूएचओ वर्गीकरणानंतर आयडीएच या जनुकात म्युटेशन असलेल्या ट्यूमरला ग्लिओब्लास्टोमा म्हणत नाहीत, तो ग्रेड ४ अ‍ॅस्ट्रोसायटोमा धरतात. जुन्या डेटासेटमधली लेबलं म्युटेशनची माहिती असेल तर एका दुपारी दुरुस्त होतात. पण तुकडा ट्यूमरच्या कोणत्या भागातून काढला? नेक्रोसिसजवळून (मेलेल्या ऊतीजवळून) की कडेच्या, सामान्य मेंदूत शिरलेल्या भागातून? ऑपरेशन थिएटरमधून लॅबपर्यंत यायला त्याला किती वेळ लागला? हे कोणत्याच रकान्यात नसतं.

याचं उदाहरण या क्षेत्राच्या इतिहासातच आहे. २०१० साली ग्लिओब्लास्टोमाचे चार उपप्रकार मांडले गेले, त्यांतला एक ‘न्यूरल’. पुढे कित्येकांनी तो गृहीत धरून विश्लेषणं केली. २०१७च्या अभ्यासात दिसलं की न्यूरल हा ट्यूमरचा स्वतःचा गुण नसून नमुन्यात मिसळलेल्या सामान्य मेंदूच्या ऊतींची छाया आहे, आणि उपप्रकार तीनच उरले. उरलेल्यांपैकी मेसेन्कायमल या उपप्रकाराच्या सिग्नेचरचंही (जनुकांच्या ठरावीक नमुन्याचंही) थोडं तसंच: त्यातला मोठा भाग नमुन्यातल्या मॅक्रोफेज आणि मायक्रोग्लिया या रोगप्रतिकारक पेशींशी जोडलेला असतो. अल्गोरिदम दोन्ही ठिकाणी नीट चालत होता. डब्यात काय आहे, हा प्रश्न त्याच्या आवाक्यातला नव्हता.

संगणकीय गटात असताना एका सिंगल-सेल डेटासेटमध्ये मला पेशींचा एक ठसठशीत गट (क्लस्टर) दिसला. फॉस, जुन आणि हीट शॉकची, म्हणजे ताणात चालू होणारी, जनुकं सगळ्यात वर. याचे दोन अर्थ निघतात. एकतर ट्यूमरच्या पेशी खरोखर ताणाखाली आहेत, नाहीतर ऊती एन्झाईममध्ये विरघळवताना पेशींनी दिलेली ही प्रतिक्रिया आहे. पहिला अर्थ खरा असेल तर पेपरचं एक प्रकरण, दुसरा खरा असेल तर कचरा. मूळ लेखकांना मेल केली. उत्तर सभ्य होतं, पण नमुने हाताळणारी व्यक्ती ती लॅब सोडून गेली होती. मग आमच्या मीटिंगमध्ये तो सिग्नल गणिताने वजा करून (रिग्रेस करून) काढावा की ठेवावा यावर वाद रंगायचा, आणि शेवटी यूमॅप, म्हणजे पेशींचा द्विमित नकाशा, कोणता बरा दिसतो त्यावर निकाल लागायचा. मला ते सहन होईना.

पीएचडीत जनुकांची अगदी तशीच खूण एका नमुन्यात पुन्हा दिसली. मी उठून बेंचवरच्या सिनिअर मॅडमकडे गेलो. त्यांनी रजिस्टर काढलं, तारखेवर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, “हा तुकडा फ्रोझन सेक्शनसाठी (ऑपरेशन चालू असतानाच्या तातडीच्या तपासणीसाठी) अडकून राहिला होता, उशिरा आला. आणि घट्ट होता म्हणून ३७ अंशांवर जास्त वेळ ठेवला.” प्रश्न तिथेच मिटला. दुसऱ्या एका नमुन्याचा गोंधळ न्यूरोपॅथॉलॉजिस्टनी शेजारची स्लाईड दाखवून सोडवला: मधोमध नेक्रोसिस, त्याभोवती दाटीने रांग धरलेले केंद्रक, आणि आमच्या तुकड्याच्या बाजूला जिवंत ट्यूमर जवळपास नाहीच. आरएनए कमी का निघाला हे मला त्या स्लाईडने सांगितलं, क्वालिटी रिपोर्टने नाही.

आता या वाटेचे काटे. तुम्ही लॅबमधले एकमेव कोडवाले असलात की सगळ्यांचे व्होल्कॅनो प्लॉट (कोणती जनुकं बदलली हे दाखवणारे आलेख) तुमच्याकडे येतात. “दोनच मिनिटांचं काम आहे” हे वाक्य रोज ऐकू येतं, आणि त्या मिनिटांतून पेपरच्या मधल्या जागी तुमचं नाव येतं, थिसिस पुढे सरकत नाही. तुमचा कोड वाचणारं कुणी नसतं. गाईड आकृती पाहतात, तिच्यामागची स्क्रिप्ट नाही. एथिक्स समितीची मंजुरी, रुग्णांची संमती, सिक्वेन्सिंगची बॅच भरण्याची वाट, यात महिने जातात. नमुने शेकड्यांत नव्हे, डझनांत मिळतात, त्यामुळे पडताळणीसाठी शेवटी टीसीजीएकडेच जावं लागतं. हे सगळं खरं आहे आणि काहींना ते झेपत नाही. मी आठवड्यातला एक दिवस इतरांच्या विश्लेषणासाठी राखला आणि बाकी दिवशी नम्रपणे नाही म्हणायला लागलो. कोडसाठी बाहेरच्या एका संगणकीय गटाच्या मीटिंगला बसू लागलो. अडचणी होत्या, पण त्यांच्यावर माझ्या हातात काहीतरी उपाय होता. गैरहजर माणसाला प्रश्न विचारण्यावर मात्र उपाय नव्हता.

शिवाय ट्यूमर बोर्डला, म्हणजे रुग्णांवर चर्चा करणाऱ्या डॉक्टरांच्या बैठकीला, बसायला मिळतं, याची किंमत मला आधी कळली नव्हती. रेडिएशननंतरच्या एमआरआयवर चमकणारा भाग ट्यूमर परत आल्याचा आहे की उपचाराचा परिणाम, यावर सर्जन आणि रेडिओलॉजिस्ट जेव्हा अडखळतात, तेव्हा कोणता प्रश्न सोडवण्याजोगा आहे हे समोर दिसतं. मेथिलेशनवरून ब्रेन ट्यूमरचा प्रकार ओळखणारा २०१८चा क्लासिफायर आज निदानात वापरला जातो, त्यामागेही न्यूरोपॅथॉलॉजिस्ट आणि डेटावाले एकत्र होते.

तरी हा स्वभावाचा भाग आहे, हे मान्य. माझा एक मित्र पद्धतींच्या गटातच राहिला आणि त्याचं टूल मी स्वतः वापरतो. हॉस्पिटलच्या लॅबमध्ये त्याचं ते टूल कधी पूर्ण झालं असतं असं वाटत नाही. तुमची ओढ कुठे आहे याचा अंदाज नसेल, तर मुलाखतीला गेल्यावर गाईडना नाही, तिथल्या विद्यार्थ्यांना विचारा: एखादा नमुना विचित्र दिसला तर तुम्ही कोणाकडे जाता? उत्तरात एखाद्या माणसाचं नाव आलं तर ती जागा मी तरी वर ठेवीन.

दोन्हीकडचे मिळून दोन गाईड, हा मधला मार्गही मिळतो आणि कागदावर तो सगळ्यांत चांगला दिसतो. मात्र तुमचं टेबल कुठे असेल, रजिस्टर पाहायची परवानगी कोण देईल आणि ट्यूमर बोर्डला तुम्हाला बसता येईल का, हे नाव नोंदवण्याआधी दोघांकडूनही लेखी घ्या. दोन गाईड असूनही हॉस्पिटलच्या दारात पाऊल न पडलेले विद्यार्थी मी पाहिले आहेत, आणि त्यांच्या तक्त्यात ‘नॉट रिपोर्टेड’ तसंच होतं.