शुल्कमाफी, व्याजमाफी की कर्जहमी: पात्रता वाढवायची तर पैसा किती आणि कुणाच्या खिशातून?

गेल्या वर्षी प्रवेशाच्या दिवसांत एक वडील आमच्या शिष्यवृत्ती कक्षाच्या खिडकीशी आले. हातात तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, आकडा ८ लाख १२ हजार. मुलीला इंजिनिअरिंगची जागा मिळालेली, तीही केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून. मर्यादा ८ लाखांची. त्यांनी दाखला दोनदा उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, "मॅडम, ही वेतनवाढ परत करता येते का?"

वरचे १२ हजार नसते तर मुलीची फी पूर्ण माफ होती.

तेव्हापासून पात्रतेची मर्यादा वाढवा अशी मागणी कुणी केली की मी विचारते, कोणत्या योजनेची? कारण विद्यार्थ्याला मदत करण्याचे तीन रस्ते आहेत. सरकारनं फी भरायची, विद्यार्थ्यानं काढलेल्या कर्जाचं व्याज भरायचं, किंवा कर्ज बुडालं तर बँकेला भरपाई द्यायची. तिन्हींची मर्यादा वाढवता येते, पण तिजोरीवरचा भार, तो कधी पडतो आणि कुणाला फायदा होतो, हे तिन्हींत फार वेगळं आहे. तुम्ही विद्यापीठाच्या अधिसभेत ठराव मांडणार असाल, पालक संघाचं निवेदन लिहीत असाल किंवा आमदारांना भेटायला जाणार असाल, तर आधी हा हिशेब पाहा.

एकच विद्यार्थिनी, चार हिशेब

समजा अभ्यासक्रम चार वर्षांचा, फी वर्षाला १ लाख. कर्ज दरवर्षी १ लाख याप्रमाणे मिळतं, व्याज १० टक्के सरळव्याजानं. कोर्सची चार वर्षं आणि पुढचं एक वर्ष हप्ता नाही. म्हणजे पहिल्या लाखावर पाच वर्षांचं व्याज, दुसऱ्यावर चार, मग तीन, मग दोन. बेरीज १४ वर्षांच्या व्याजाची.

| मदतीचा प्रकार | सरकारला एका विद्यार्थिनीमागे | नंतर तिचा मासिक हप्ता (१० वर्षं) |
|---|---|---|
| पूर्ण शुल्कमाफी | ४,००,००० | नाही |
| निम्मी शुल्कमाफी | २,००,००० | सुमारे ३,६०० |
| हप्ता सुरू होईपर्यंतचं पूर्ण व्याज | १,४०,००० | सुमारे ५,३०० |
| त्याच काळात ३ टक्के व्याजसवलत | ४२,००० | सुमारे ६,६०० |

(निम्म्या माफीत उरलेल्या २ लाखांचं कर्ज बिनसवलतीचं धरलं आहे.)

तिजोरीकडे पाहिलं तर खालची ओळ सगळ्यात स्वस्त. एका पूर्ण शुल्कमाफीच्या पैशात ३ टक्केवाल्या नऊ विद्यार्थिनी बसतात. अर्थखात्याला व्याजसवलत आवडते ती याचमुळे. पण शेवटच्या रकान्यातला हप्ता पहिल्या नोकरीच्या पगारातून जातो. गावाकडे घर चालवायचं, शहरात खोलीचं भाडं भरायचं आणि वर ६,६०० रुपये. नोकरी लागली तर.

शुल्कमाफी: महाग, पण डोळ्यांसमोर दिसणारी

महाराष्ट्रात राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजनेतून निम्मी फी मिळते. तिची उत्पन्नमर्यादा २०१६ मध्ये ६ लाखांवर गेली, पुढे ८ लाखांवर. जुलै २०२४ मध्ये शासनानं पुढचं पाऊल टाकलं. व्यावसायिक अभ्यासक्रमांतल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास व इतर मागास प्रवर्गातल्या, ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींची शिक्षण आणि परीक्षा फी पूर्ण माफ केली. त्यासाठीचा वाढीव भार ९०६ कोटी रुपयांच्या आसपास सांगितला गेला. व्यवस्थापन कोट्यातले प्रवेश आणि खासगी अभिमत विद्यापीठं यातून वगळलेली आहेत.

या रस्त्याचा गुण असा की खर्च त्याच वर्षीच्या अर्थसंकल्पात येतो. कुणालाही आकडा दिसतो, त्यावर भांडता येतं. खासगी विनाअनुदानित व्यावसायिक कॉलेजांची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं, त्यामुळे सरकार फी भरतंय म्हणून मनमानी वाढवायलाही आडकाठी आहे.

दोष कुठे आहे ते मी रोज पाहते. महाडीबीटीवर, म्हणजे राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर, अर्ज आमच्या लिपिकाच्या लॉगिनवरून प्राचार्यांच्या लॉगिनवर, तिथून विभागाच्या डेस्कवर जातो. एक दाखला अस्पष्ट असला तरी परत. आणि सगळं मंजूर झाल्यावरही पैसे त्याच वर्षी येतील याची खात्री नाही. परतावा रखडला की ताण आधी कॉलेजच्या पगारांवर येतो आणि मग विद्यार्थ्यावर. मुलींकडून प्रवेशाच्या वेळी फी घेऊ नये अशा सूचना असूनही "आधी भरा, पैसे आले की परत देऊ" हे वाक्य अनेक घरांनी ऐकलेलं आहे. ज्यांच्याकडे भरायला पैसे नाहीत त्यांच्यासाठी कागदावरची माफी तिथेच संपते. मर्यादा वाढवली आणि तरतूद तेवढीच ठेवली तर रांग लांबते, मदत वाढत नाही.

व्याजसवलत: २००९ पासून जागेवरच असलेली रेघ

माझ्या मते सगळ्यात जास्त लक्ष इथे द्यायला हवं.

केंद्राची व्याज अनुदान योजना २००९ मध्ये आली. तांत्रिक आणि व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी, वार्षिक उत्पन्न ४.५ लाखांपर्यंत असलेल्या घरांना, हप्ता सुरू होईपर्यंतचं पूर्ण व्याज सरकार भरतं. ती ४.५ लाखांची रेघ तिथेच आहे. मधल्या काळात महागाई किती वाढली ते सांगायला नको, त्याच खरेदीला आज दुपटीहून जास्त रुपये लागतात. म्हणजे २००९ मध्ये जे घर आरामात पात्र होतं, तसंच घर आज अपात्र आहे. त्याची परिस्थिती सुधारलेली नाही, फक्त पगाराचा आकडा फुगलाय. कुठलाही शासन निर्णय न काढता पात्रता दरवर्षी आकसत आली आणि त्यातून वाचलेला पैसा या घरांनी व्याज म्हणून भरला. "मर्यादा वाढवली तर खर्च वाढेल" असं कुणी म्हणालं तर हे त्यांच्यापुढे ठेवा. मर्यादा न वाढवणं हीसुद्धा एक कपातच असते.

नोव्हेंबर २०२४ मध्ये पीएम विद्यालक्ष्मी योजना मंजूर झाली. तिच्यात ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना १० लाखांपर्यंतच्या कर्जावर ३ टक्के सवलत आहे. २०२४-२५ ते २०३०-३१ या काळासाठी ३,६०० कोटींची तरतूद, आणि लाभ ७ लाख नव्या विद्यार्थ्यांना अपेक्षित. भागाकार केला तर डोई साधारण ५१ हजार रुपये येतात. वरच्याच पद्धतीनं ५ लाखांच्या कर्जावर ३ टक्क्यांचे ५२,५०० होतात, म्हणजे तरतुदीचा आकडा हवेतला नाही. पण सवलत वर्षाला १ लाख विद्यार्थ्यांपुरती आहे आणि संस्था ठरावीकच, राष्ट्रीय क्रमवारीच्या यादीतून निवडलेल्या, मंजुरीच्या वेळी ८६०.

आता दोन्ही योजना शेजारी ठेवा आणि मधली फट पाहा. घराचं उत्पन्न ५ लाख. मुलगा तालुक्याजवळच्या, नॅक (कॉलेजांचा दर्जा तपासणारी राष्ट्रीय संस्था) मूल्यांकन झालेल्या पण त्या यादीत नसलेल्या कॉलेजात. पहिल्या योजनेत उत्पन्न जास्त, दुसरीत कॉलेज बसत नाही. केंद्राच्या दोन्ही योजनांतून त्याला व्याजाचा एक रुपया सुटत नाही. आमच्या खिडकीशी येणाऱ्यांत अशी मुलं कमी नसतात. क्रमवारीतल्या संस्थांवर पैसा लावला की कर्ज बुडण्याचा धोका कमी, हे बँकेच्या बाजूनं खरं आहे. पण त्या संस्थांत पोचलेल्या मुलाला कर्ज मिळायला तशीही फारशी अडचण येत नाही.

कर्जहमी: आज स्वस्त, उद्या कदाचित नाही

७.५ लाखांपर्यंतच्या तारणाविना कर्जाला ७५ टक्के हमी मिळते. समजा आपल्या उदाहरणातल्या १०० कर्जांपैकी ५ पूर्ण बुडाली. २० लाखांपैकी १५ लाख हमीतून जातील, म्हणजे सरासरी डोई १५ हजार. टेबलातल्या कुठल्याही ओळीपेक्षा कमी. विद्यार्थ्याच्या हप्त्यात मात्र यानं काहीच फरक पडत नाही. कर्ज मिळण्याचं दार तेवढं उघडतं, आणि ज्याच्याकडे गहाण ठेवायला जमीन नाही त्याच्यासाठी तेही थोडं नाही.

सावध राहायचं ते हिशेबाबाबत. ब्रिटनमध्ये २०१२ पासून इंग्लंडच्या विद्यापीठांची फीमर्यादा ९,००० पौंडांवर गेली आणि सरकारी कर्जं त्या प्रमाणात वाढली. उत्पन्न ठरावीक पातळीच्या खाली असेल तर हप्ता नाही, आणि ३० वर्षांनी उरलेलं माफ. बरीच रक्कम परत येणार नाही हे माहीत असूनही ती वर्षानुवर्षं तुटीत दिसत नव्हती. डिसेंबर २०१८ मध्ये तिथल्या सांख्यिकी कार्यालयानं ठरवलं की न फिटणारा भाग कर्ज देतानाच खर्च म्हणून धरायचा, आणि त्यानं वार्षिक तूट साधारण १२ अब्ज पौंडांनी फुगणार होती. नवा पैसा कुणाला दिला नव्हता. आधीच दिलेला फक्त वहीत आला. हमीची मागणी करताना अपेक्षित बुडीत रक्कम त्याच वर्षी दाखवा, असंही लिहून मागा.

मर्यादा सैल करताना दुसरी बाजूही आहे. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यानं शाळकरी मुलांना कॉलेजचे क्रेडिट (पदवीसाठी मोजले जाणारे श्रेयांक) राज्याच्या खर्चानं मिळवू दिले. मुलं भराभर आली, खर्चही तसाच चढला आणि २०२० मध्ये कायदा करून प्रत्येकाला ३० क्रेडिट तासांची मर्यादा घालावी लागली. योजना चांगली होती, पण खर्चाचा अंदाज आधी बांधून घेतला असता तर मुलांच्या वाट्याला ही कात्री कदाचित आली नसती.

मी कोणती मागणी धरेन

अडीच लाखांखालच्या घराला कर्जाकडे ढकलू नये. तिथे पूर्ण शुल्कमाफी, मुलगा असो वा मुलगी, आणि परतावा त्याच शैक्षणिक वर्षात. ही मागणी राज्याकडे. नव्या माणसाला पात्र करण्याआधी जुन्याचे थकलेले पैसे द्या, हे मी पहिल्या ओळीत लिहीन.

केंद्राकडे दुसरी मागणी: पूर्ण व्याजाची ४.५ लाखांची रेघ ८ लाखांवर न्या, नॅक मूल्यांकन झालेल्या कॉलेजांसाठीही, आणि ती दरवर्षी महागाईशी जोडा. डोई खर्च १ लाख ४० हजार, म्हणजे निम्म्या शुल्कमाफीपेक्षाही कमी. सगळं एकदम जमणार नसेल तर ६ लाखांपर्यंत पूर्ण आणि पुढे निम्मं व्याज.

तिसरी मागणी रेघेच्या कड्याबद्दल. ८ लाखांवर एक रुपया गेला की सगळं शून्य, हे बदला. त्यापुढच्या प्रत्येक लाखाला, अपूर्ण असला तरी, माफीचा चौथा हिस्सा कमी करत न्या, ११ लाखांच्या पुढे काही नाही. खर्च वाढेल, पण कड्याजवळच्या घरांपुरता. त्या ८ लाख १२ हजारांच्या दाखल्यावर मुलीची पाऊण फी सुटली असती. तिनं प्रवेश घेतलाय, दुसऱ्या वर्षाला आहे. पहिल्या वर्षाची फी वडिलांनी पतसंस्थेतून कर्ज काढून भरली.