उसातल्या बिबट्याचा अभ्यास : सरकारी प्रकल्प की सीएसआर?

विद्यापीठात राहून शेतीतल्या किंवा शहरातल्या वन्यजीवांवर काम करायचे ठरवले, की निधीसाठी प्रामुख्याने दोन दारे ठोठावावी लागतात : केंद्र सरकारच्या निधी संस्थेचे आणि एखाद्या कंपनीच्या सीएसआर (सामाजिक उत्तरदायित्व) विभागाचे. जुन्नर-आंबेगाव पट्ट्यातील उसातल्या बिबट्यांच्या कामासाठी मी दोन्हींचा अनुभव घेतला आहे, आणि पुढील मत तेवढ्याच अनुभवावर बेतलेले आहे.

सरकारी प्रकल्पात प्रस्ताव तपासणारे विषयातले असतात, हे सुख मोठे आहे. बिबट्या उसात ‘वाट चुकून’ आलेला नसतो, हे त्यांना सांगावे लागत नाही. वन्यजीव संशोधक विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी अकोले परिसरात दर १०० चौरस किलोमीटरमागे सुमारे ५ बिबटे असल्याचे २०१३ मध्येच प्रसिद्ध केले होते. तरीही कंपनीच्या बैठकीत ‘त्यांना जंगलात का सोडत नाही?’ हा प्रश्न मला हमखास विचारला गेला. शिवाय पीएचडीच्या विद्यार्थ्याला सरकारी प्रकल्पातून जेआरएफचे (कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्तीचे) दरमहा ३७,००० रुपये आणि घरभाडे भत्ता मिळतो. कंपन्या मात्र मनुष्यबळाच्या खर्चावर नाक मुरडतात.

माझे पारडे सीएसआरकडे झुकले ते ३१ मार्चमुळे. ऊसतोड ऐन दिवाळीच्या सुमारास सुरू होते आणि मार्च-एप्रिलपर्यंत चालते. मादी उसातच वीत असल्याने तोडणीच्या टोळीला फडात बछडे सापडतात, आणि ते क्रेटमध्ये ठेवून, समोर कॅमेरा लावून, आई रात्री न्यायला येते का हे पाहण्याचे दिवसही हेच असतात. सरकारी प्रकल्पाचा आमचा हप्ता जानेवारीच्या अखेरीस जमा झाला, आणि मार्च संपताच शिल्लक रक्कम परत गेली. उपयोगिता प्रमाणपत्र (निधी ठरल्या कामावर खर्च झाल्याचा दाखला), लेखापरीक्षण, पुढची मंजुरी यांत जुलै उजाडला. दरम्यान, प्रत्येक बांध आणि प्रत्येक बांधावरचे भांडण ठाऊक असलेला आमचा गावातला मदतनीस पगार थांबल्यामुळे टोमॅटोच्या गाडीवर गेला, तो परतला नाही. नव्या मुलाला शेतकऱ्यांनी उसात शिरू द्यायलाच एक हंगाम गेला. आमच्या तक्त्यात त्या वर्षीचे चार महिने आजही कोरे आहेत.

सीएसआरलाही आर्थिक वर्ष चुकलेले नाही. परंतु प्रकल्प ‘चालू प्रकल्प’ (एकाहून अधिक वर्षे चालणारा) म्हणून मंजूर झाला असेल, तर कंपनीला न खर्चलेली रक्कम वर्ष संपल्यापासून ३० दिवसांत वेगळ्या बँक खात्यात ठेवून पुढील तीन आर्थिक वर्षांत वापरता येते. या एका तरतुदीमुळे आमच्या दुसऱ्या मदतनिसाचा पगार एप्रिलमध्येही झाला.

अर्थात, कंपनीला ‘लाभार्थी’ मोजून हवे असतात, आणि बिबट्याच्या कामात ते कोणाला म्हणावे, यावर आमची दोन पत्रे खर्ची पडली. अहवालासाठी बछडा हातात घेतलेले छायाचित्रही मागितले गेले. ते आम्ही दिले नाही. मुख्य वन्यजीव रक्षकांच्या परवानगीची वाट तर दोन्हीकडे सारखीच पाहावी लागते.

काम मुख्यतः प्रयोगशाळेत किंवा उपग्रह-नकाशांवर असेल, तर सरकारी प्रकल्पच बरा पडावा. वर्षभर बांधावर माणूस लागणार असेल, तर मी सीएसआरकडे जाईन. मात्र निष्कर्ष कंपनीच्या संमतीशिवाय प्रसिद्ध करता येतील, हे वाक्य करारात पहिल्याच मसुद्यात घालून घेईन.