समुद्रकाठच्या शहरात मैलापाण्याचं पंपिंग स्टेशन: सबमर्सिबल घ्यायचं की ड्राय पिट?

किनाऱ्यावरच्या सपाट शहरात पंपिंग स्टेशन टाळता येत नाही, हे आधीच सांगून टाकतो. गटाराची लाईन उतारावर चालते, पाण्याला साधारण ०.६ मीटर प्रति सेकंद वेग मिळाला नाही तर गाळ बसतो, आणि २०० मीटरला १ मीटर उतार धरला तरी एका किलोमीटरमध्ये पाईप ५ मीटर खाली जातो. समुद्राजवळ तेवढं खणलं की खड्ड्यात पाणीच पाणी. म्हणून मैलापाणी मधेमधे वर उचलावंच लागतं.

सबमर्सिबलमध्ये एकच विहीर, पंप मोटरसकट मैल्यात बुडालेला, गाईड रेलवरून, म्हणजे विहिरीत उभ्या बसवलेल्या पाईपांवरून सरकवत, साखळीने वर काढायचा. ड्राय पिटमध्ये दोन कप्पे, एकात मैला आणि शेजारच्या कोरड्या खोलीत पंप. खर्चात पहिली पद्धत सरळ जिंकते, कारण किनाऱ्यावर खोदाई म्हणजे शीट पाईल (खड्ड्याच्या कडेला रोवायचे लोखंडी पत्रे) ठोका, दिवसरात्र पाणी उपसा, वर रिकामी विहीर भूजलाच्या दाबाने होडीसारखी उचलली जाऊ नये म्हणून तळाला जाड काँक्रीट ओता, आणि दोन कप्पे म्हटले की हे सगळं वाढतं.

पण रोजच्या देखभालीत मला ड्राय पिटच आवडतं. माणूस जिना उतरतो, बेअरिंगवर हात ठेवतो, आवाज ऐकतो, गळती लगेच दिसते. सबमर्सिबल वर काढल्याशिवाय काहीच कळत नाही, आणि काढला की इंपेलरभोवती, म्हणजे पंपाच्या फिरत्या पात्याभोवती, वाईप्स, केस, चिंध्या असं सगळं पिळून दोरखंडासारखं झालेलं असतं, कापूनच काढावं लागतं. त्यात खारी हवा! साध्या लोखंडी साखळीची कडी चोळली तर पापुद्रे हातात येतात, नेमकी भर पावसात ती तुटली तर पंप तळाला. साखळी आणि गाईड रेल ३१६ ग्रेड स्टेनलेसचेच घ्या, इथे पैसे वाचवू नका.

आणि साखळी तुटली म्हणून कुणाला तसंच विहिरीत उतरवू नका, हात जोडून सांगतो. मैल्यातून सुटणारा विषारी गॅस हायड्रोजन सल्फाईड हवेत १०० पीपीएमच्या (दहा लाख भागांत १०० भाग) आसपास गेला की नाकाला वास येणंच बंद होतं, म्हणजे वास नाही म्हणून गॅस नाही असं समजणारा माणूस परत वर येत नाही. किनाऱ्यावर हा गॅस जास्तच त्रास देतो, कारण फुटक्या जॉईंटमधून समुद्राचं पाणी शिरतं, त्यात लिटरला सुमारे २.७ ग्रॅम सल्फेट असतं, लांब रायझिंग मेनमध्ये (पंप मैला ज्यातून पुढे ढकलतो तो पाईप) हवा नसते तिथे जिवाणू त्याचाच गॅस बनवतात, पुढे मॅनहोलच्या ओल्या काँक्रीटवर त्याचं सल्फ्युरिक ॲसिड होतं. हे दोन्ही पद्धतींत होतं, काँक्रीटला ॲसिडपासून वाचवणारं लायनिंग दोन्हीकडे लागणार.

आता पूर. सबमर्सिबलला पुराची भीती नाही, तो पाण्यातच असतो. ड्राय पिटमध्ये साधी मोटर असेल तर खोली भरली की खेळ खलास, मग एकतर बुडाली तरी चालणारी मोटर घ्या नाहीतर लांब शाफ्ट देऊन मोटर वरच्या मजल्यावर न्या. पण विजेचं पॅनेल आणि जनरेटर खाली राहिले तर कुठलाही पंप उपयोगाचा नाही. २०१२ च्या सँडी वादळात न्यूयॉर्कच्या ९६ पैकी ४२ पंपिंग स्टेशनचं नुकसान झालं किंवा त्यांची वीज गेली.

माझं मत विचाराल तर छोट्या आणि मध्यम स्टेशनला सबमर्सिबल, पूर्ण शहराचा मैला जिथे येतो त्या मोठ्या स्टेशनला ड्राय पिट, बुडाली तरी चालणाऱ्या मोटरसकट. स्टँडबाय पंप दोन्हीकडे हवाच.

ड्रॉईंग हातात आलं की विहिरीचं माप स्वतः तपासा, खोदाई वाचवायला ती लहान ठेवतात आणि मग पंप सारखा चालू बंद होऊन मोटर जळते. ५० लिटर प्रति सेकंदचा एक पंप तासाला १० पेक्षा जास्त वेळा सुरू होऊ द्यायचा नसेल तर पंप ज्या पाणीपातळीला चालू होतो आणि ज्या पातळीला बंद होतो त्यांच्या मधे किमान ४.५ घनमीटर जागा लागते.